शोभेचं गवत, पोटाचं गवत

दरवर्षी घटस्थापनेला आपल्यापैकी किती तरी जणी घरात धान्य पेरतात. पत्रावळीवर नाहीतर परडीत काळी माती पसरायची, त्यात ज्वारी, बाजरी, गहू, साळ असं ज्या घराची जी रीत असेल ते मिसळायचं, मधोमध घट ठेवायचा आणि रोज हलक्या हातानं पाणी शिंपडायचं. नवव्या माळेपर्यंत वीतभर कोंब वर येतात. दसऱ्याला ते तुरे देवाला वाहायचे, मुलांच्या टोपीत खोवायचे आणि उरलेलं सगळं विसर्जन करायचं. जुनी माणसं सांगतात की हे नुसतं व्रत नव्हतं. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असायची. घरात राखलेलं बियाणं उगवतंय की नाही, हे त्या नऊ दिवसांत कळून जायचं. म्हणजे बियाण्याची परीक्षा देवघरात व्हायची आणि परीक्षक असायची घरातली बाई! आता घटाचं धान्य किराणा दुकानातून पुडीत बांधून येतं. उगवलं तर आनंद, नाही उगवलं तर दोन दिवस चुटपूट, बस्स.

मैत्रिणींनो, आज मला लिहायचंय ते या नऊ दिवसांच्या पुढचं. हेच धान्य परडीतून उचलून अंगणात आणलं आणि पुरतं वाढू दिलं तर?

ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी, कोद्रा ही सगळी गवतंच. गहू, भात, ऊस, अगदी बांबूसुद्धा त्याच कुळातला. (गंमत म्हणजे ज्याला आपण गाजरगवत म्हणून शिव्या घालतो, ते मात्र गवत नाहीच. ते झेंडू-शेवंतीचं नातलग आहे.) पण ‘गवत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक तर खुरप्यानं उपटून टाकायचं तण, नाहीतर बंगल्यापुढची गुळगुळीत लॉन. या दोहोंच्या मधे जे गवत हजारो वर्षं माणसाचं पोट भरत आलं, ते घराच्या आवारात लावावं असं कुणाला सुचतच नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या तालुक्याच्या गावांतली अंगणं कशी बदलली ते आठवून पाहा. आधी शेणाची जमीन गेली, मग शहाबादी आली, आता पेव्हर ब्लॉक. जी काही फूट-दोन फूट माती उरली त्यात रोपवाटिकेतून आणलेले लॉनचे तुकडे बसवायचे. नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात, धुण्याच्या पाण्याची काटकसर करणारी बाई उन्हाळ्यात त्या लॉनला मात्र रोज पाणी मारते. का, तर ती पिवळी पडली की बरं दिसत नाही. तिची कापणी, तिच्यातलं तण वेचणं हे कामही बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला येतं. त्या बदल्यात ती काय देते? पूजेला दूर्वाही नाही! दूर्वा म्हणजे आपली साधी हरळी, आणि तिलाच ‘तण’ म्हणून त्या लॉनमधून उपटून टाकलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, धान्य म्हणजे शेतातलं पीक, ते दारात कसलं शोभतंय? तर ऐका. परदेशात बाजरी शोभेची म्हणून लावतात. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधनातून गडद जांभळ्या पानांची, जांभळ्या कणसांची एक बाजरी तयार झाली. ‘पर्पल मॅजेस्टी’ तिचं नाव. बागेसाठी उत्तम वाणांची निवड करणाऱ्या तिथल्या संस्थेनं २००३ साली तिला सुवर्णपदक दिलं. तिकडच्या बायका ती फुलझाडांच्या मागच्या ओळीत लावतात, कणसं फुलदाणीत ठेवतात आणि थंडीत पाखरांना खायला तशीच उभी राहू देतात. आपल्याकडे सोलापूर, बीड, नगरकडची बाई जी कणसं लहानपणापासून खुडत आली, त्यांच्याच बहिणीला तिकडे सुवर्णपदक! आपल्याला मात्र दारात बाजरी म्हटलं की खेडवळ वाटतं, आणि तिकडून आलेलं पम्पास गवत कुंडीत लावलं की ‘डेकोरेशन’ होतं.

पण हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता, तर मी या सदरातली एवढी जागा खर्च केली नसती. २०१८ हे वर्ष आपल्या देशानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. भारतानं मांडलेल्या ठरावानुसार संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल जगभर तसंच साजरं केलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ असं नावही मिळालं. चांगलंच झालं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं. बाजरीत लोह भरपूर. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे धान्याचा गौरव वाढत गेला आणि आपलं रक्त कमी होत गेलं. नुसत्या भाकरीनं रक्त भरून येत नाही हे मला ठाऊक आहे. त्याला पालेभाजी लागते, लिंबू लागतं, लोहाच्या गोळ्या लागतात, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची आपली सवय मोडावी लागते. पण ज्या घरात बाजरी-नाचणी रोजची होती, तिथे ती आता पाकिटातून, इंग्रजी नावानं आणि चढ्या भावानं येते, हे काही सुलक्षण नाही.

माझा मुद्दा असा. दारातला एक वाफा घराचं पोट भरणार नाही. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफ्यातून सगळं नीट जमलं तर किलोभर धान्य हाती लागेल. दोन दिवसांच्या भाकरी! पण त्या वाफ्यातून जे बियाणं आणि जी ओळख राहील, ती विकत मिळणारी नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना राळा दाखवा, वरी दाखवा. उपवासाची भगर म्हणजे एका गवताचं बी, हे त्यांना ठाऊकच नसतं. आणि बी मडक्यात कितीही जपून ठेवलं तरी ते कायम जिवंत राहत नाही. काही वर्षांत त्याची उगवण जाते. ते टिकवायचा एकच मार्ग, पुन्हा पेरणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं. शाळेत न गेलेल्या या बाईनं घराच्या परसात गावठी वाण लावून लावून बियाण्याची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांनी काही मोठी शेती घेऊन सुरुवात केली नव्हती.

आता एक कडू गोष्ट. ‘आपण राळा विसरलो, वरी विसरलो’ असं भाषणांतून फार सांगितलं जातं. भोगीला राळ्याचा भात व्हायचा, आता तो दिसत नाही, म्हणून हळहळही व्यक्त होते. आमच्या बचत गटातल्या एका आजींना मी विचारलं, “आजी, राळा का हो सोडलात तुम्ही?” त्या म्हणाल्या, “सडायचं कुणी, बाई? पाटंच्या उखळापाशी बसायचं ते उजाडंस्तवर. गिरणी आली, तांदूळ आला, आन् आमी सुटलो!” यापुढे बोलायला जागा नाही. बाजरी आणि नाचणीला सडावं लागत नाही. मळणी केली, पाखडलं की सरळ जात्यात. पण राळा, वरी, कोद्रा यांच्या दाण्यावर घट्ट टरफल असतं, ते काढल्याशिवाय पोटात जात नाही. ते काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या खांद्यांनी केलं. ही धान्यं मागे पडली ती सरकारी धोरणानं, स्वस्त तांदळानं, हे खरंच. पण बायकांनी ती सोडली त्याला त्यांचे दुखरे खांदेही कारण होते, आणि त्यासाठी त्यांना बोल लावायचा कुणालाही हक्क नाही. म्हणून जो कुणी व्यासपीठावरून ‘भरड धान्याकडे परत चला’ म्हणेल, त्याला आपण विचारायचं, “साहेब, सडणार कोण?” टरफल काढायची लहान यंत्रं आता निघाली आहेत. एका घराला ती परवडणार नाहीत, पण एका गावातल्या दहा गटांत मिळून एक यंत्र जड नाही. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटांतल्या सभासदांना छोटी अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी प्रत्येकी चाळीस हजारांपर्यंतची तरतूद ठेवली होती. तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन ‘आज यंत्रासाठी काय मिळतं’ हे लेखी विचारायचं. तोंडी नको, लेखी.

तर अंगणात पहिल्या वर्षी काय लावायचं? घाटावर, कमी पावसाच्या भागात असाल तर बाजरी. कोकणात, मावळात, डांगाणात असाल तर नाचणी. राळा दुसऱ्या वर्षी, हात बसल्यावर.

बाजरी मृगाच्या पहिल्याच सरीला घाईनं टाकण्यापेक्षा जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला टाकावी. पेरल्यापासून दीड महिन्यानं ती फुलोऱ्यात येते आणि त्याच वेळी धो धो पाऊस लागला तर परागकण धुऊन जातात, कणीस पोकळ राहतं. दाणा अगदी वरवर, बोटाच्या अर्ध्या पेराइतकाच खोल टाकायचा. खोल गाडला तर वर येत नाही. कोंब चार बोटं झाले की विरळणी. इथे आपला जीव तुटतो, उगवलेलं उपटवत नाही. पण दोन रोपांत वीतभर अंतर नसेल तर सगळीच काटकुळी राहतात. शेणखत आधी मातीत मिसळलं तेवढं बास. युरियाची मूठ टाकली की पीक काळंभोर दिसतं आणि एका वाऱ्यात आडवं होतं. रोप गुडघ्याएवढं झालं की बुडाशी मातीची भर द्यायची. बाजरी डोक्यावर जाते, तेव्हा ती कुंपणाच्या कडेला, पुढे झेंडू, असं लावलं तर दसऱ्याच्या सुमाराला दिसणारं रूप रोपवाटिकेतल्या कुठल्याही गवतापेक्षा देखणं असतं.

नाचणीचं तंत्र निराळं. जूनमध्ये एका घमेल्यात किंवा फुटक्या टबात दाट बी टाकून रोप करायचं आणि तीन-चार आठवड्यांनी, पाऊस असताना, ते लावायचं. दोन-दोन रोपं, वीत-वीत अंतरावर. ती कुंडीतसुद्धा येते. बारा इंची कुंडीत दोन ठोंब छान बसतात. म्हणजे गच्चीवर राहणाऱ्या मैत्रिणींनीही नाराज व्हायला नको. एवढंच, की नाचणीसारखंच दिसणारं एक तण तिच्यातच उगवतं. ओळीत लावली असेल तर ओळीबाहेरचं ते तण, हे सरळ कळतं. चार महिन्यांनी मूठ मिटल्यासारखी कणसं तपकिरी होतात तेव्हा खुडायची. राळ्याचं कणीस मात्र कोल्ह्याच्या शेपटीसारखं, पिकलं की सोनेरी होऊन लवणारं. पाहुणे हमखास विचारतात, “हे कुठल्या नर्सरीतून आणलंत?”

रोगराईत दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघायच्या. बाजरीला कणसाऐवजी गोसाव्याच्या जटेसारखा हिरव्या पानांचा झुपका आला तर ते झाड लगेच मुळासकट उपटायचं. शेतकरी या रोगाला ‘गोसावी’च म्हणतात. आणि फुलोऱ्यात कणसावर मधासारखे गुलाबी चिकट थेंब दिसले, पुढे दाण्याच्या जागी काळ्या गाठी आल्या, तर तो अरगट. त्या गाठी विषारी असतात. असं कणीस माणसानं खायचं नाही, गुराला घालायचं नाही, पाखरांसाठीही ठेवायचं नाही. जाळून टाकायचं. कुणी हुरड्यासाठी चार ताटं ज्वारीची लावणार असेल, तर तीही आठवण देते. कोवळ्या ज्वारीच्या पाल्यात विष असतं, शेजारची शेळी येऊन खाणार नाही एवढं कुंपण घाला.

पाखरं येणारच. दाणा दुधात आला की राघू, चिमण्या, मुनिया असा सगळा गोतावळा जमतो. बियाण्यासाठी निवडलेल्या कणसांना जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधा, बाकीचं थोडं त्यांना राहू द्या. चिमण्या गेल्या, चिमण्या गेल्या म्हणून हळहळायचं आणि दाणा मात्र द्यायचा नाही, हे कसं?

बियाणं राखताना एक भेद लक्षात ठेवायचा. नाचणी आणि राळा यांचं फलन बहुतांशी आपल्याआपल्यातच होतं, त्यामुळे चांगली चार कणसं निवडली तरी पुढच्या वर्षी तसंच पीक येतं. बाजरीचे पराग मात्र वाऱ्यावर जातात. जवळ दुसरं वाण असेल तर मिसळ होते. म्हणून तिचं बी एकाच सुंदर कणसाचं न घेता दहा-बारा निरोगी झाडांचं एकत्र करून ठेवावं. आणि दुकानातल्या संकरित पाकिटाचं बी राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही. गावठी किंवा सुधारित सरळ वाणच मागायचं. कणसं कडक उन्हात वाळवून, चोळून, राखेत कालवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून डब्यात भरायची. वर चिठ्ठी, कुठलं बी, कुठल्या साली, कुणाकडून आलं. ही चिठ्ठी विसरू नका, नाहीतर पुढल्या वर्षी राळा कुठला आणि वरी कुठली यावर जावा-जावांत वाद!

ज्यांना धान्याची खटपट नकोच, नुसतं हिरवं आणि कमी कष्टाचं हवंय, त्यांच्यासाठीही आपल्या मातीतली गवतं आहेत. गवती चहाचं बेट सगळ्यांच्या ओळखीचं. तीन वर्षांनी ते उकरून, फोडून, पावसाच्या सुरुवातीला नव्यानं लावलं की पुन्हा जोम धरतं. वाळा मला सर्वांत गुणी वाटतो. मुळं खोल सरळ खाली जातात, उतारावरची माती धरून ठेवतात, मोरीच्या सांडपाण्यावरही तो तग धरतो. मुळ्या माठात घालायला हव्या असतील तर गोणीत माती भरून त्यात लावा. दीड वर्षानं गोणी फाडली की खणावं लागत नाही. शोभेच्या गवताची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवा फुटवा येण्याआधी, जमिनीपासून वीतभर ठेवून करावी. विदेशी फाउंटन ग्रास घेणाऱ्यांनी मात्र विचार करून घ्यावं. हवाई बेटांवर ते बागांतून निसटून माळावर पसरलं आणि तिथल्या वणव्यांना इंधन झालं. आपल्याकडेही पवना, मारवेलसारखी देशी गवतं असलेली माळरानं आहेत, तिथे आणखी एक आगंतुक नको.

‘गवत वाढवलं की साप येतात,’ ही भीती प्रत्येक बैठकीत निघते, आणि ती खोटी नाही. वाफा दाराला, खिडकीला चिकटून करू नये, खालची वाळकी पानं काढत राहावं, तण साठू देऊ नये, कणसं वेळेवर खुडून घरात घ्यावीत म्हणजे उंदीर येत नाहीत आणि उंदरामागून येणारेही येत नाहीत. खरं तर साप लपायला वाफ्यापेक्षा आवारातला विटांचा ढीग आणि जुन्या फरशांची रास जास्त सोयीची असते.

आता थोडं आपल्या उंबऱ्याबाहेर. शाळांमधून परसबागा करायला शासनानं सांगितलंय, बचत गटांच्याही पोषण परसबागा झाल्या. कल्पना छानच. पण बहुतेक ठिकाणी मेथी, पालक, टोमॅटो, वांगी, शेवगा. धान्याचा एक वाफा सहसा नसतोच. प्रत्येक शाळेत एक ओळ नाचणीची, एक राळ्याची का असू नये? ज्या मुलांना खिचडी मिळते, त्यांनी एकदा तरी दाणा कणसात पाहावा. आणि नगरपालिकेच्या बागांचं काय? लॉनच्या देखभालीला दरवर्षी निविदा निघते, टँकरनं पाणी येतं, आणि त्या लॉनवर ‘चालू नये’ अशी पाटी! त्यातला एक कोपरा गावठी धान्याच्या वाणांसाठी ठेवा, प्रत्येक वाणापुढे मराठीत नाव लिहा, देखभाल महिला गटाला मोबदला देऊन सोपवा. फुकटात नव्हे, मोबदला देऊनच. बायकांच्या कामाला ‘हौस’ म्हणायची पालिकेला सवय असते. असा अर्ज आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेकडे द्यायला दहा सह्या पुरतात. पावसाळ्याआधी, एप्रिलमध्येच द्या, कारण जूनमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षीच्या कामांत जातो.

बियाणं कुठून आणायचं, हे बऱ्याच जणी विचारतील. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, सुधारित सरळ वाणाचं बी मे महिन्यात मागून ठेवा. आणि डोंगरी तालुक्याच्या आठवडे बाजारात जाल तेव्हा नाचणी-वरी विकायला बसलेल्या मावशींना पिठासाठी नाही, पेरायला म्हणून मागा. न सडलेला, टरफलासकटचा दाणा लागतो, हे आधी सांगा. त्या घरून वेगळं राखलेलं आणून देतात. भाव करू नका.